बुऱ्हाणपूरला एकच लढत दोनदा

बुऱ्हाणपूरला निघताना माझ्या वहीत पाहायच्या सात ठिकाणांची यादी होती. त्यातली दोन पाहून झाली. पाच राहिली ती वेळ नव्हता म्हणून नव्हे, जीव थाऱ्यावर नव्हता म्हणून. त्यामुळे किल्ल्याची सविस्तर माहिती ज्यांना हवी असेल त्यांची इथे निराशा होईल. मला त्या गावातलं जे नीट दिसलं ते छपाईचं एक दुकान, कॉलेजचं सभागृह आणि तापीपलीकडचं एक घर.

मी नाशिकच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे आणि अठरा वर्षं आंतरमहाविद्यालयीन प्रश्नस्पर्धा भरवते. ही स्पर्धा टीव्हीवरच्यासारखी नसते. दोन संघ समोरासमोर बसतात, प्रत्येकी चौघं. एक प्रश्न म्हणजे पाच-सहा ओळींचा परिच्छेद. पहिली ओळ सर्वांत अवघड, शेवटची सर्वांत सोपी. ज्याला जिथे उत्तर सुचेल तिथे त्याने बझर दाबायचा. चुकला तर त्या प्रश्नापुरता तो संघ बाद. म्हणजे नुसतं उत्तर येऊन भागत नाही, ते कितव्या ओळीला येतं यावर सगळं अवलंबून. प्रश्न मी काढते. पहिल्या वर्षापासून मीच काढत आले.

यंदा प्रथमच आम्ही एक केंद्र महाराष्ट्राबाहेर दिलं. आठ महाविद्यालयं, एक दिवस, आणि जिंकणाऱ्या एकाच संघाला नाशिकच्या अंतिम फेरीत जागा.

शुक्रवार

स्टेशन जुन्या गावापासून लांब आहे, रिक्षा करावीच लागते. मला घ्यायला तिथल्या कॉलेजचे महाजन सर आले होते. त्यांचे वडील चोपड्याकडून जवळच्या कागद कारखान्यात नोकरीला आले आणि इकडचेच झाले. सरांचं मराठी खानदेशी वळणाचं आणि आतून हिंदी. मी रिक्षात बसल्या बसल्या टेबलं, बझर, घड्याळं, पाण्याचे जग असं एकेक विचारत गेले. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "मॅडम, तुम्ही टेन्शन नका घेऊ. सगळं होऊन जाईल."

मला हे वाक्य आवडत नाही. 'होऊन जाईल' म्हणजे अजून झालेलं नाही.

रस्त्याने केळीच्या घडांनी भरलेले ट्रक उभे होते. गावाच्या वेशीतून आत शिरलो तसा यंत्रमागांचा खडखडाट सुरू झाला. दारं अर्धवट उघडी, आत माग चालू, बाहेर ओट्यावर माणसं आरामात गप्पा मारत बसलेली. त्या आवाजात ती एकमेकांचं ऐकतात कसं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मला मात्र त्या ठेक्यावर सारखं काहीतरी मोजावंसं वाटत होतं.

दुपारी सरांनी मांडे खायला नेलं. आमच्याकडे मांडा म्हणजे पुरणाचा, गोड, सणासुदीला खापरावर भाजलेला. इथला मांडा म्हणजे ताटात न मावणारी, रुमालासारखी घडी घातलेली पातळ पोळी, डाळीत बुडवून खायची. एका मांड्यावर मी हात आवरला तर वाढणारा थांबला आणि सरांकडे बघून म्हणाला, "मॅडमची तबियत ठीक नाही का?"

"तबियत ठीक आहे," सर म्हणाले, "नाशिकची सवय आहे."

मग दुसरा खाल्ला.

जेवणानंतर किल्ला पाहिला, हमामाच्या छतावरची फिकट झालेली रंगीत वेलबुट्टी पाहिली. जामा मशिदीत भिंतीवर अरबीबरोबर संस्कृतातलाही लेख आहे. तो पाहताना माझ्या डोक्यात प्रश्नाचा पहिला शब्द तयार झाला. हा धंद्याचा दोष आहे. मी कुठेही गेले तरी पाहण्याआधी प्रश्न काढते.

संध्याकाळी खोलीवर पिशवी उघडून संच मोजायला घेतले. प्रत्येक प्रश्नसंचाच्या तीन प्रती लागतात. एक वाचणाऱ्याला, एक गुण मांडणाऱ्याला, एक पंचांना. माझ्या यादीत 'प्रती तीन' समोर बरोबरची खूण होती आणि पिशवीत प्रती दोनच होत्या. तिसरी नाशिकला जेवणाच्या टेबलावर राहिली होती. मुलीने फोनवर फोटो पाठवून खात्री करून दिली. अडचणीसाठी ठेवलेल्या राखीव संचाच्या मात्र तिन्ही प्रती सीलबंद पाकिटात जागच्या जागी होत्या.

आमच्या नियमावलीत चौथा नियम असा की संच आयोजकाच्या हाताबाहेर जाणार नाही, कुठल्याही दुकानात छापला जाणार नाही. हा नियम मीच लिहिलेला. पण कॉलेजच्या प्रिंटरची शाई संपलेली, सकाळी नऊला पहिली लढत. मी सिंधीपुऱ्यातल्या एका दुकानात गेले, दुकानदाराच्या, सलीमभाईंच्या फोनवर फाईल पाठवली आणि प्रत छापून घेतली. फाईल माझ्यासमोर पुसायला लावली. त्यांनी हसून पुसली. बाहेर पडताना दिसलं, काउंटरपाशी दोन मुली आपल्या कागदांची वाट पाहत उभ्या होत्या आणि दोघींच्या गळ्यात महाजन सरांच्याच कॉलेजची ओळखपत्रं होती.

हे मी कोणाला सांगितलं नाही. सरांनाही नाही.

शनिवार

दिवसभर लढती वेळेवर झाल्या. पाण्याचे जग होते, घड्याळं होती, बझर वाजत होते. महाजन सर दर तासाला माझ्याकडे बघून मान हलवत, की बघा, झालं की नाही. मधल्या सुट्टीत मावा जिलेबी आली. खव्याची, काळसर, जाडजूड, आपल्या कुरकुरीत जिलेबीशी फक्त आकाराने नातं सांगणारी. मी दोन खाल्ल्या, उभ्याने.

चार वाजता केंद्राची शेवटची लढत लागली. एकीकडे यजमान बुऱ्हाणपूर, दुसरीकडे खंडवा. बुऱ्हाणपूरच्या संघाची कप्तान प्राची चौधरी, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची, तापीपलीकडच्या जैनाबादची. घरी केळी आणि कपाशी. बारीक चणीची, डोळे टेबलावर खिळलेले. सकाळपासून ती चांगली खेळत होती, पण चांगले खेळणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

अकरावा प्रश्न मी वाचायला घेतला. "हिच्या मुखाशी कांदळवन असून..."

बझर वाजला.

"गोदावरी," प्राची म्हणाली.

बरोबर होतं. पण कांदळवन गंगेच्या मुखाशी आहे, कावेरीच्याही आहे. एवढ्या शब्दांवर गोदावरी म्हणायला काही आधार नाही. मी गुण दिले आणि पुढे वाचू लागले. माझा आवाज बदलला असणार, कारण पंचांनी वर पाहिलं. त्या लढतीतल्या वीसपैकी सहा प्रश्नांना तिने पहिल्याच ओळीत उत्तर दिलं आणि सहाही बरोबर. बुऱ्हाणपूर जिंकलं. सभागृहात टाळ्या, शिट्ट्या.

खंडव्याचे तिवारी सर माझ्या टेबलाशी आले. सभ्य, हळू बोलणारा माणूस. "मॅडम, इल्जाम नहीं लगा रहा हूँ," ते म्हणाले, "बस, आप ही सोचिए। कांदळवन पे गोदावरी?"

मी तेच सोचत होते. माझ्या डोळ्यांसमोर दुकानातली ती दोन ओळखपत्रं होती.

नियम असा, की संचाबद्दल शंका आली तर आयोजकाने राखीव संचावर लढत पुन्हा घ्यावी. मी दहा मिनिटांत निर्णय केला आणि माईकवर सांगितलं, "काही तांत्रिक कारणाने शेवटची लढत उद्या सकाळी दहाला पुन्हा होईल." कारण मी दिलं नाही. माझ्या हातून काय झालं होतं तेही सांगितलं नाही. न सांगितल्यामुळे सगळ्यांनी ज्याचं त्याने ताडलं, आणि सगळ्यांच्या नजरा एकाच खुर्चीकडे गेल्या.

प्राची टेबलापाशी आली. "मॅडम, आम्ही काही केलं का?"

"काही नाही. नियम आहे."

"कोणता नियम?"

"आयोजकाचा अधिकार आहे," मी म्हटलं आणि कागद आवरायला लागले. ती जरा वेळ उभी राहिली, मग गेली.

महाजन सर पहिल्यांदाच गंभीर दिसले. "मॅडम, त्या पोरीनं पेपर पाहिला असं तुम्हाला वाटतं?"

"मला काहीच वाटत नाही, सर. म्हणूनच परत घेतेय."

रात्रीपर्यंत खोलीत बसणं शक्य नव्हतं. कुंडी भंडारा, मुघलांच्या काळातली भूमिगत पाणीयोजना, यादीत तिसरा होता, पण माझे पाय सिंधीपुऱ्याकडेच वळले. सलीमभाई लग्नपत्रिकांचा गठ्ठा कापत होते. मी आडवळणाने विचारलं, काल माझं काम झाल्यावर त्या मुलींनी काही विचारलं का, काही पाहिलं का.

त्यांना लगेच कळलं. कात्री ठेवून ते म्हणाले, "मैडम, मैं छापता हूँ, पढ़ता नहीं। और वो बच्चियाँ कॉमर्स की थीं, बैलेंस शीट लेने आई थीं। आपका कागज़ देखतीं भी तो उनके किस काम का?" मग कात्री परत उचलून, "आपकी चीज़ इतनी कीमती थी तो बाज़ार में लाईं क्यों?"

 परतताना मी त्याच तीन गल्ल्यांतून दोनदा फिरले. माग चालूच होते.

रविवार सकाळ

राखीव संच मी उशाशी घेऊन झोपले होते. पाकिटाचं सील दोन्ही संघांना दाखवून फोडलं. सभागृह कालच्यापेक्षा जास्त भरलेलं. माणसं लढत बघायला नव्हे, प्राचीला बघायला आली होती.

पहिला प्रश्न. पहिल्या ओळीला तिचं बोट बझरवर गेलं आणि तिथेच थांबलं. दुसरी ओळ, तिसरी, चौथी. खंडव्याने दाबलं, बरोबर उत्तर दिलं. दुसऱ्या प्रश्नाला तेच. तिसऱ्याला मी शेवटच्या ओळीपर्यंत पोचले, दोन्ही संघ गप्प, आणि वाक्य पूर्ण झाल्यावर तिने दाबलं. तिच्या शेजारच्या मुलाने तिला कोपराने ढोसलं. ती हलली नाही.

वीसच्या वीस प्रश्न ती असंच खेळली. प्रश्न संपल्याशिवाय तिने एकदाही बझर दाबला नाही. खंडवा दोन प्रश्नांनी जिंकलं. त्यांच्या मुलांनी तिवारी सरांना उचलून घेतलं. मी निकालपत्रावर सही केली, कारण सही करायची असते. खंडव्याची मंडळी दुपारच्या गाडीसाठी स्टेशनकडे निघून गेली.

खुर्च्या उचलायला सुरुवात झाल्यावर मी प्राचीजवळ गेले. "तुला उत्तरं आधी येत होती. दाबलं का नाहीस?"

"दाबलं असतं तर तुम्ही तिसऱ्यांदा मॅच घेतली असती. मग कोणता सेट आणला असता?"

"आज का हरलीस मग? कशासाठी?"

"काल मी जल्दी बोलली तर सगळे चोर म्हणाले. आज पूर्ण ऐकून बोलली, आता कोणी काही नाही म्हणणार." तिने दप्तर खांद्याला लावलं. मग वळून म्हणाली, "मॅडम, तुमचे प्रश्न मला पहिल्या लाईनीतच समजतात. कसे ते पाहायचं असेल तर घरी या. इथं नाही सांगणार."

महाजन सर म्हणाले, "मी रिक्षा सांगतो. मी पण येतो."

जैनाबाद

पुलावरून तापी रुंद आणि संथ दिसली, खडकांच्या मधून वाट काढत जाणारी. पलीकडे लगेच केळीच्या बागा. आहुखाना, मुघलांची जुनी हरणबाग, त्याच बाजूला आहे, यादीत सहावा. रिक्षावाल्याने हात करून दाखवला, मी मान हलवली आणि पुढे गेले.

प्राचीचे वडील दारातच उभे होते. पन्नाशीचे, हातावर केळीच्या चिकाचे काळे डाग. बसा म्हणायच्या आधी त्यांनी विचारलं, "मॅडम, माझ्या पोरीनं पेपर पाह्यला का?"

"मला तसं वाटत नाही."

"वाटत नाही म्हन्जे? काल सांजेपासून मंडीत लोकं मला विचारून राहिले. मी काय सांगू, मॅडमला वाटत नाही?"

"बाबा, पानी तर पिऊ द्या त्यांना," प्राची आतून म्हणाली आणि एक जाड गठ्ठा घेऊन आली. खाटेवर ठेवला. मी ओळखला. स्पर्धा संपली की जुने संच आम्ही मागेल त्या महाविद्यालयाला सरावासाठी देतो. दहा वर्षांचे होते. कोपरे झिजलेले, समासात पेन्सिलीने बारीक अक्षरं.

"राखीव संचात बरोबरीसाठी पाच प्रश्न जास्तीचे असतात ना?" ती म्हणाली. "ते आज वाचले नाहीत. वाचा."

मी पाकीट काढलं. पहिला प्रश्न घेतला. "मिठागरातल्या पाण्यावर प्रयोग करताना..."

"ब्रोमिन."

मी कागद खाली ठेवला. "आयोडीन का नाही?"

"आयोडीन तुम्ही तीन वर्षांआधी विचारलं. पाच वर्षांत तुम्ही काही रिपीट करत नाही. आणि आयोडीन असतं तर समुद्राच्या शेवाळापासून सुरू केलं असतं. बरोबरीचा पहिला प्रश्न तुमचा हमेशा केमिस्ट्रीचा असतो, म्हणून मी तयारच होती."

"आणि गोदावरी?"

"अकरावा नदीचा असतो. नदी तुम्ही मुखाकडून सुरू करता, उगमाकडून कधीच नाही." तिने गठ्ठ्यातलं एक पान काढून माझ्यापुढे धरलं. नद्यांची यादी होती, प्रत्येकीसमोर वर्ष. "गंगा झाली, कावेरी झाली, कृष्णा झाली. दहा वर्षांत गोदावरी एकदाही नाही. तुम्ही नाशिकच्या. मी म्हटलं, मॅडम लाजून राहिल्या. पण कधीतरी विचारतीलच."

महाजन सर हसायला लागले आणि माझ्याकडे पाहून थांबले.

मी आणखी दोन प्रश्न वाचले. एकात ती चुकली, एक सातव्या शब्दावर सांगितला. शास्त्रज्ञ असला की मी वडिलांच्या व्यवसायापासून सुरुवात करते, हे मला त्या खाटेवर बसून कळलं. प्रत्येक संचात विषयांचा क्रम एकच असतो, हे माहीत होतं, मला त्याचा अभिमानही होता. म्हणजे पेपर फुटला होता तो दुकानातून नव्हे. दरवर्षी मीच तो थोडा थोडा फोडत होते आणि या मुलीने तो गोळा केला होता. याला अभ्यास म्हणतात. दुसरा शब्द नाही.

"हे काल का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही म्हणाल्या, अधिकार आहे."

मी वही काढली. वडील म्हणाले, "तोंडी नको, मॅडम. लिहून द्या."

"लिहूनच देतेय."

आमचा नियम आहे, शंका निराधार ठरली तर पहिला निकाल कायम. म्हणजे शनिवारचा. पण शंका निराधार होती हे लिहायचं तर ती आली कशी हेही लिहावं लागतं. मी लिहिलं, की संच दुकानात छापून नियम मी मोडला, तो लपवला आणि म्हणून घाईने फेरलढत लावली. की प्रश्न फुटलेले नव्हते, प्रश्नकर्तीच्या सवयी ओळखीच्या झाल्या होत्या. आणि की यापुढे प्रश्न मी काढू नयेत.

महाजन सर खांद्यावरून वाचत होते. "मॅडम, यात तुमचं नाव खराब होऊन जाईल."

"होऊन जाऊ दे."

वडिलांनी कागद दोनदा वाचला, फोनवर त्याचा फोटो काढला आणि मगच आत ओरडून चहा सांगितला.

चहा येईपर्यंत मी तिवारी सरांना फोन लावला. त्यांच्या मागे मुलांचा गाण्याचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं, दुकानासकट. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दुकान वाली बात आप कल ही बता देतीं तो मैं शायद पूछता भी नहीं।" आणि आवाज खाली करून, "लिखकर भेज दीजिए। पर अभी नहीं। बच्चे गा रहे हैं। खंडवा उतर जाएँ, फिर मैं बताऊँगा।"

मी तासाभराने पाठवलं. त्या तासात मला चहाबरोबर दराबा मिळाला, रवा, तूप आणि साखरेचा, तोंडात टाकताच विरघळणारा. प्राचीच्या आईने डबा भरून बरोबरही दिला. बागेत नेऊन वडिलांनी मला घड कधी कापायचा ते दाखवलं. मी घड्याळाकडे बघत होते हे त्यांना दिसलं असणार, पण ते दाखवत राहिले.

निघताना प्राची रिक्षापर्यंत आली. काल सकाळपासून पहिल्यांदा ती जरा मोकळी दिसत होती. गठ्ठा तिने काखेतच धरला होता.

"मॅडम, मग फायनलचे प्रश्न कोण काढणार?"

"आमच्या कॉलेजात दोन नवीन प्राध्यापक आहेत, त्यांना सांगणार. एक भौतिकशास्त्राच्या, एक इतिहासाचे."

"त्यांचे जुने सेट मिळतील?"

"त्यांनी आजवर एकही काढलेला नाही."

तिचा चेहरा उतरला. तिने काखेतल्या गठ्ठ्याकडे पाहिलं, दहा वर्षांच्या कागदांकडे, जे आता कुणाच्या उपयोगाचे नव्हते. "म्हणजे तुम्ही मला फायनलला पाठवून राहिल्या, आणि माझं सगळं वाचलेलं वाया."

"तसंच झालं," मी म्हटलं.

"ते नदी कुठून सुरू करतात, एवढं तर सांगा."

"मला माहीत नाही, प्राची."

ती माझ्याकडे रोखून बघत राहिली. मी खरंच सांगत होते, पण तिला ते पटलं नाही, आणि दोन दिवसांत मी तिला जे जे सांगितलं होतं ते पाहता तिने माझ्यावर विश्वास का ठेवावा, याचं एकही कारण मला देता आलं नाही.